इसबगोलाने वजन उतरतं का, आणि उतरलंच तर किती

"काका, ती गरिबांची ओझेम्पिक आसा काय?" असं विचारत हल्ली लोक मेडिकलात येतात (ओझेम्पिक म्हणजे डायबेटिसचं, पण हल्ली वजन उतरवायलाही घेतात ते महागडं इंजेक्शन), आणि त्यांना हवा असतो साधा इसबगोल. कुठल्यातरी रीलमध्ये सांगितलेलं असतं की हा घ्या, भूक मरते, महिन्यात पाच किलो जातात. आम्ही सिंधुदुर्गातली माणसं, इसबगोल आम्हाला नवा नाही, प्रत्येक घरात म्हाताऱ्यांच्या कपाटात एक डबा असतोच, फक्त तो पोट साफ होण्यासाठी असायचा आणि आता तोच डबा तिशी-चाळिशीतली मंडळी वजनासाठी नेतात. डब्यावर सिलियम हस्क असं झोकदार नाव आणि ऑरेंज फ्लेवर असला की तिप्पट पैसेही देतात.

तर आधी उत्तर देऊन टाकतो, मग कारणं सांगतो, ज्याला घाई आहे त्याने इथेच थांबलं तरी चालेल. उतरतं. पण थोडं. जगभरात जे अभ्यास झालेत त्यात सरासरी आकडा पाव-अर्धा किलोपासून फार तर दोन-अडीच किलोपर्यंत येतो, तोही काही महिन्यांत, आणि तोही बरोबर मात्रेत, बरोबर वेळी, नियमाने घेतला तर. आपल्याकडे बहुतेक लोक यातलं काहीच करत नाहीत ते पुढे सांगतो.

इसबगोल म्हणजे बहुतेक सगळं फायबरच. आता फायबर म्हणजे काय, तर वनस्पतींमधला असा भाग जो आपल्या पोटातले रस तोडू शकत नाहीत. भात खाल्ला की त्यातल्या स्टार्चची साखर होऊन रक्तात जाते, फायबरचं तसं होत नाही, ते तसंच पुढे मोठ्या आतड्यापर्यंत जातं. मासे, चिकन, अंडी, दूध यात फायबर शून्य. ही गोष्ट कोकणात दहादा सांगावी लागते, कारण सुरमईचं कालवण आणि भात असं भरगच्च ताट जेवूनही फायबर जवळजवळ काहीच पोटात गेलेलं नसतं.

पण फायबर हे एकच काहीतरी आहे असं समजून सगळी गडबड होते. दोन प्रश्न विचारायचे: पाण्यात टाकल्यावर ते दाट होतं का? आणि मोठ्या आतड्यातले जंतू ते खाऊन आंबवतात का? गव्हाचा कोंडा दाट होत नाही, शौचाला वजन देतो आणि निघून जातो. इन्युलिन म्हणून एक असतं, हल्ली प्रोटीन पावडरीत आणि 'हाय फायबर' बिस्किटांत घालतात, ते पाण्यात विरघळतं पण दाट होत नाही, उलट जंतू त्याच्यावर तुटून पडतात आणि मग गॅस. इसबगोल तिसऱ्याच तऱ्हेचा, पाणी पिऊन फुगतो, जेल होतो, आणि जंतूंना तो फारसा खाता येत नसल्याने ते जेल शेवटपर्यंत बऱ्यापैकी टिकतं. म्हणूनच तो जुलाबातही चालतो आणि बद्धकोष्ठातही, कारण एकीकडे जास्तीचं पाणी धरून ठेवतो आणि दुसरीकडे सुकलेल्याला ओलं ठेवतो.

वजनासाठी जे काही काम होतं ते मुख्यतः या दाटपणामुळे. कुळथाची पिठी गरम असताना पातळ असते आणि जरा निवली की चमच्याला चिकटते, तसं जेवण पोटात दाट झालं की ते पुढे हळू सरकतं. पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, साखर रक्तात सावकाश चढते, आणि अन्न लहान आतड्यात जरा खालपर्यंत पोचतं जिथे जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडणाऱ्या पेशी जास्त असतात. हे हार्मोन मेंदूला सांगतं की बास आता. रीलवाल्यांनी पकडलंय ते एवढंच वाक्य, कारण ओझेम्पिकमधलं औषध सेमाग्लुटाइड हे त्याच हार्मोनची नक्कल आहे. त्यात खोटं काही नाही, फक्त पुढचं सांगत नाहीत. आपल्या शरीराने सोडलेलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं होऊन जातं. सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून तर इंजेक्शन आठवड्यातून एकदाच. २०२१ साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, नुसतं पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. ७५ किलोच्या माणसाला १४.९ टक्के म्हणजे अकरा किलो. इसबगोलाचे दोन किलो कुठे आणि हे कुठे. (त्या इंजेक्शनचे स्वतःचे त्रास आहेत, ते डॉक्टरशिवाय घ्यायचं नाही, तो वेगळा विषय.)

आता आकड्यांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

२०१७ साली एक मेटा-अ‍ॅनालिसिस आलं, म्हणजे आधी झालेल्या छोट्या छोट्या अभ्यासांची एकत्र बेरीज. जास्त वजनाच्या आणि लठ्ठ माणसांवरचे १२ अभ्यास, मिळून ६०९ माणसं, विरघळणारं फायबर वेगळं काढून पावडर किंवा गोळी म्हणून दिलेलं. निकाल: फायबर घेणाऱ्यांचं वजन न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी अडीच किलोने जास्त उतरलं. छान वाटतं ना? पण हे अभ्यास दोन आठवड्यांपासून सतरा आठवड्यांपर्यंतचे, आणि एकमेकांशी न जुळणारे, कुठे बरंच उतरलंय, कुठे काहीच नाही. अशा वेळी सरासरी सांगता येते पण तिच्यावर पैज लावता येत नाही.

मग २०२० मध्ये दुसरी, खूप मोठी बेरीज आली. फक्त दाट होणारी फायबरं, ६२ अभ्यास, ३८७७ माणसं, आणि लोकांना कॅलरी कमी करायला सांगितलेलंच नाही, नेहमीसारखं जेवा आणि वर हे घ्या. निकाल किती? ०.३३ किलो. कंबर ०.६३ सेंटीमीटर. म्हणजे एक पेला पाणी प्यायल्यावर काटा जेवढा हलतो त्याच्या आसपास! जास्त वजनवाल्यांना आणि डायबेटिस असलेल्यांना फरक जरा जास्त दिसला, पण जरासाच. संशोधक याला सिग्निफिकंट म्हणतात, आणि ते चूक नाहीत, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ इतकाच की हा फरक निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता कमी आहे. तुमची पँट सैल होईल असा त्याचा अर्थ नाही. पेपरात मथळा येतो 'फायबरने वजन घटतं हे सिद्ध', आणि तो खराही असतो, आणि उपयोगाचा काडीचा नसतो.

नुसत्या इसबगोलाचं बघाल तर तिथे दोन बेरजा समोरासमोर उभ्या आहेत. एक २२ अभ्यासांची, तिच्यात वजनावर दखल घेण्यासारखा काही परिणाम निघाला नाही. दुसरी २०२३ची, फक्त सहा अभ्यास, ३५४ माणसं, सगळी जास्त वजनाची, तिच्यात सरासरी २.१ किलो आणि कंबर २.२ सेंटीमीटर कमी, साधारण पावणेपाच महिन्यांत. दुसरी बेरीज करणारी मंडळी कोण, तर इसबगोलाची पावडर विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीचीच माणसं. म्हणून लगेच खोटं ठरवायचं असं नाही, आकडे उघड आहेत, पण मी दुकानदार आहे, माल विकणारा मालाबद्दल बोलायला लागला की कान जरा टवकारावेत हे मला वेगळं शिकवायला नको.

तरी त्या दुसऱ्या बेरजेतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे लोक दिवसाला सरासरी १०.८ ग्रॅम इसबगोल घेत होते, आणि जेवणाच्या आधी. आता आपल्याकडे बघा. रात्री जेवून, टीव्ही बघून, झोपायच्या आधी कोमट पाण्यातून नाहीतर दुधातून एक चहाचा चमचा. इसबगोल इतका हलका की चहाचा सपाट चमचा म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम भरतो. तेवढ्याने सकाळी पोट साफ होईल, छानच होईल, पण भुकेशी त्याचा संबंध काय? जेवून झालंय, भूक मेलीच आहे, आणि मग भूक मारायचं औषध घेतलंय. वजनासाठी घेतो म्हणणाऱ्यातले बहुतेक जण असंच घेतात आणि मग तीन महिन्यांनी येऊन सांगतात की काका, काय उपयोग नाय.

दुसरं नाव हल्ली ऐकू येतं ते ग्लुकोमॅनन. हे कोंजॅक नावाच्या कंदातून काढतात, आणि हा कंद आपल्या सुरणाचा भाऊबंद, पावसाच्या तोंडावर रानातून शेवळं आणतो ना आपण, काकडं घालून भाजी करतो खाज मारायला, ती शेवळंपण त्याच कुळातली. म्हणून सुरण खाल्ला की वजन उतरतं असं मात्र कुणी म्हणू नका, सुरणात मुख्यतः स्टार्च, बटाट्याचाच कारभार. ग्लुकोमॅनन हे मात्र खरोखर भयंकर दाट होतं, सगळ्या फायबरमध्ये त्याचा नंबर वरचा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये त्याला वजनाबाबत होकार दिलाय, पण अटी वाचा: दिवसाला ३ ग्रॅम, तीन भागांत, प्रत्येक वेळी एक-दोन पेले पाण्याबरोबर, जेवणाआधी, आणि जोडीला कमी कॅलरीचा आहार चालू असला पाहिजे. त्यानंतर २०१३ मध्ये अमेरिकेत ५३ जणांवर आठ आठवडे अभ्यास झाला, त्यात नेहमीच्या खाण्यावर नुसतं ग्लुकोमॅनन दिलं, कॅलरीचं बंधन नाही, तर फरक शून्य. २०१४च्या बेरजेतही ठाम असं काही निघालं नाही. गवारीच्या बियांपासून काढलेला ग्वार गम तर २००१ सालीच बाद झालाय, तेव्हाच्या बेरजेत तो वजनासाठी कामाचा नाही असं स्पष्ट निघालं, उलट पोटाच्या तक्रारी वाढल्या.

मग प्रश्न असा की यंत्रणा एवढी पटण्यासारखी आहे तर काटा का हलत नाही? माझ्या मते, आणि संशोधकही साधारण हेच सांगतात, एका जेवणाला थोडी कमी भूक लागणं आणि दिवसाच्या एकूण कॅलरी कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुपारी तुम्ही एक मूद भात कमी खाल्लात, बरोबर, पण चार वाजता चहाबरोबर खारी आणि शेव आली, मग कुणीतरी बाजारातून वडापाव आणला, आणि हिशोब जागेवर. शरीर कमी पडलेलं भरून काढायला बघतंच. शिवाय आपण भूक लागली म्हणूनच खातो असं कुठे आहे, गणपतीत मोदक समोर आला तर इसबगोलाचं जेल पोटात असलं तरी हात पुढे जाणारच. आणि चहातली साखर, कोल्ड्रिंक, दारू हे तर पातळच, ते काय भुकेला विचारून आत जातं? त्यात बरेच जण गॅस आणि पोटफुगीला कंटाळून मधेच सोडून देतात.

इथे मला २०१५चा एक अभ्यास फार आवडतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये २४० माणसांचे दोन गट केले, सगळ्यांना मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे पोटाचा घेर, साखर, बीपी, चरबी असं काही ना काही एकत्र बिघडलेलं. एका गटाला आहाराचे सगळे नियम दिले, मीठ किती, तेल किती, साखर किती, मासे कधी, लांबलचक यादी. दुसऱ्याला एकच सांगितलं: रोज ३० ग्रॅम फायबर खा, बाकी काही मोजू नका. वर्षानंतर पहिल्या गटाचं वजन २.७ किलो उतरलं, दुसऱ्याचं २.१. म्हणजे एकच नियम पाळून जवळजवळ तेवढंच. आणि ही पावडर नव्हती, जेवणातलं फायबर होतं. ते कामाला येतं कारण फायबर असलेली वस्तू ताटात आली की दुसरी कुठली तरी वस्तू ताटातून बाहेर जाते, पावडर कुणालाच बाहेर काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये मोठ्यांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगितलं, आणि तिथेही शब्द अन्नातल्या नैसर्गिक फायबरचा आहे.

कोकणात ते मिळवणं अवघड नाही, पण आपण जे पूर्वी खायचो ते सोडत चाललोय. आकडे बघा, शंभर ग्रॅम कच्च्या धान्यामागे पांढऱ्या पॉलिश तांदळात फायबर तीनेक ग्रॅमसुद्धा नाही, नाचणीत अकराच्या आसपास, कुळथात आठच्या आसपास. नाचणीच्या तीन बऱ्यापैकी भाकऱ्या म्हणजे बारा-तेरा ग्रॅमचं काम झालं, चार मोठे चमचे इसबगोल लागतील तेवढ्याला. काळ्या वाटाण्याचं सांबारं, अख्ख्या मुगाची उसळ, फणसाची भाजी, पावसाळ्यात टाकळा, कुरडू, अळूचं फतफतं, शेवग्याचा पाला, केळफूल, हे सगळं जमेच्या बाजूला. पिठी मात्र, वर तिचं नाव घेतलं खरं, पण घरभराच्या पिठीला पीठ लागतं मूठभर, तेव्हा वाटीभर पिठीतून फायबर जेमतेम एक-दोन ग्रॅम, तिच्या भरवशावर राहू नका. उसळ खा. उकडा तांदूळ, तो तांबूस, कमी सडलेला, पांढऱ्यापेक्षा बरा, पण पेज तीन वाट्या प्यायलात तर तो भातच आहे.

आणि एक, नाचणीला जादू समजू नका. कॅलरी तांदूळ आणि नाचणीत उन्नीस-बीस. भाताच्या जागी भाकरी आली तर फायदा, भात तेवढाच आणि वर भाकरी असं झालं तर वजन वाढेल. नाचणीची बिस्किटं म्हणून जे मिळतं त्याच्या पाकिटामागची यादी एकदा वाचा, बऱ्याच पाकिटांत पहिलं नाव मैद्याचं असतं.

मग इसबगोल फुकटचा म्हणायचा का, तर अजिबात नाही. वजन सोडून बाकी गोष्टींसाठी तो उत्तम आहे. बद्धकोष्ठाचं तर सगळ्यांना माहीत. पण कोलेस्टेरॉलसाठी याचे पुरावे वजनापेक्षा कितीतरी पक्के आहेत. रोज साधारण १० ग्रॅम घेतल्यावर वाईट कोलेस्टेरॉल, एलडीएल, सरासरी १३ पॉइंटच्या (रिपोर्टातले मिलिग्रॅम/डेसिलिटर) आसपास उतरतं असं २८ अभ्यासांच्या बेरजेत दिसलंय. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, १९९८ सालापासून इसबगोलाच्या पाकिटावर हृदयाच्या फायद्याचा दावा छापायला परवानगी दिलीये. डायबेटिसवाल्यांची जेवणानंतरची साखरही जरा शांत राहते. आणि हे सगळं आपल्या शेजारच्या गुजरातेत, उंझा-सिद्धपूरकडे पिकणाऱ्या वस्तूतून, जगाला पुरवठा तिथूनच होतो. साधा बिनचवीचा घ्या, फ्लेवरवाल्यात बऱ्याचदा साखर असते, वजनासाठी साखर विकत घेण्यात काय अर्थ.

किती उतरलं तर खरं उतरलं म्हणायचं हेही बघून घ्या. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग; आपल्या भारतीयांसाठी तो २३च्या वर गेला की वजन जास्त आणि २५च्या वर लठ्ठपणा असा हिशोब आहे, युरोप-अमेरिकेत तोच २५ आणि ३०. म्हणजे पाच फूट पाच इंचाचा ७५ किलोचा माणूस, बीएमआय साडेसत्तावीस, तिकडे नुसता ओव्हरवेट आणि इकडे लठ्ठ. डॉक्टर लोक साधारण पाच टक्के वजन उतरलं की साखर-बीपीवर फरक दिसायला लागतो असं धरतात. याच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे पावणेचार किलो. फायबरच्या पावडरीची चांगल्यातली चांगली सरासरीसुद्धा तिथपर्यंत पोचत नाही, बाकीचं ताटातून आणि चालण्यातूनच यायला हवं.

तरी घ्यायचंच असेल तर आता जरा लक्ष देऊन वाचा, कारण यात एक-दोन गोष्टी खरोखर धोक्याच्या आहेत.

पाणी. भरपूर. एका वेळच्या इसबगोलाला किमान एक मोठा पेला, २४० मिली, आणि ढवळल्या ढवळल्या प्यायचा, घट्ट होऊ द्यायचा नाही. कोरडा तोंडात टाकून वर घोट पाणी पिणारे मी बघितलेत, असं कधीच करू नका, तो घशात नाहीतर अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. ग्लुकोमॅननच्या गोळ्यांचं हेच झालं होतं, १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात अन्ननलिका अडकण्याच्या तक्रारी आल्या आणि तिथे त्या गोळ्यांवर बंदी घातली. ज्यांना गिळायला त्रास होतो, लकवा मारून गेलाय, आतडं कधी अडकलं होतं किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हार्टच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनीही नाही. मे महिन्यात घाम गाळून येता आणि दिवसभरात दोन तांबे पाणीसुद्धा पोटात जात नाही, अशात इसबगोल वाढवलात तर बद्धकोष्ठ जायच्या ऐवजी पक्कं होईल.

दुसरं औषधं. ते जेल औषधालाही धरून ठेवतं, म्हणून इसबगोल आणि बाकी गोळ्या यात दोन तासांचं अंतर ठेवा. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बायका आमच्याकडे खूप, त्यांनी तर त्या वेळी इसबगोल बिलकुल नको, दुपारच्या जेवणाआधी घ्या. इन्सुलिन किंवा डायबेटिसच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त खाली जाऊ शकते, मोजत राहा आणि डॉक्टरच्या कानावर घाला.

सुरुवात एक छोटा चमचा दुपारच्या जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं, आठवडाभर तेवढंच, मग रात्रीच्या जेवणाआधी दुसरा, मग हळूहळू वाढवत जा. पहिल्या दिवसापासून दहा ग्रॅम घेतलात तर पोट फुगेल आणि तुम्हीच मला शिव्या घालाल. वजन आठवड्यातून एकदाच करा, एकाच वारी, एकाच काट्यावर, सकाळी पोट साफ झाल्यावर, आणि कंबरेला टेप लावा बेंबीच्या जरा वर. दोन-तीन महिन्यांत दोन्ही आकडे जागेवरच असतील तर वजनासाठी घेणं बंद करा, पोट साफ होत असेल किंवा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट सुधारला असेल तर तेवढ्यासाठी चालू ठेवायला हरकत नाही.